'एल' जाहीर झाला, आतली नावं राहून गेली: द्राक्षप्लॉटच्या नकाशाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीजवळ एक छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे. तिचा मुख्य ग्राहक म्हणजे दिंडोरी तालुक्यातून युरोपला द्राक्षं पाठवणारं एक पॅकहाऊस. दोघांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. प्रकरण तपासायला मला बोलावलं होतं, त्यामुळे बिल्डच्या, म्हणजे कोडपासून ॲपची अंतिम फाइल बनवण्याच्या, स्क्रिप्ट, चुकलेल्या फाइल आणि नंतरच्या दुरुस्त्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

निर्यातीच्या द्राक्षाचा हिशेब प्लॉटनिहाय ठेवावा लागतो. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत प्लॉटची नोंदणी होते, रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी होते, आणि परदेशात पोहोचलेल्या खोक्यापासून मागे येत येत मूळ प्लॉटपर्यंत माग काढता यावा लागतो. त्यामुळे डावणी, भुरी या रोगांसाठी कोणती फवारणी कधी केली, मात्रा किती होती आणि त्या औषधानंतर किती दिवस काढणी करायची नाही, म्हणजे पीएचआय किती, याची नोंद पॅकहाऊस काटेकोरपणे ठेवतं. फर्मने त्यासाठी वेब ॲप बनवलं होतं. सुपरवायझर मोबाइलवर नकाशा उघडतो, प्लॉटच्या हद्दीत बोट टेकवतो, आणि पॉपअपमध्ये वाण, गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तारीख आणि शेवटची फवारणी दिसते. तिथूनच नवी फवारणी नोंदवता येते.

नकाशासाठी त्यांनी लीफलेट ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली होती. ती पानावर वेगळ्या स्क्रिप्टने येते आणि 'एल' या एकाच जागतिक, म्हणजे पानावरच्या कोणत्याही कोडला दिसणाऱ्या, नावाखाली सगळं देते. फर्मचा स्वतःचा कोड मात्र क्लोजर कंपायलरमधून जात होता. गूगलने २००९ मध्ये खुला केलेला हा कंपायलर जावास्क्रिप्ट घेतो आणि जावास्क्रिप्टच परत देतो, पण आकाराने लहान करून. त्याच्या तीन पातळ्या आहेत. पहिली फक्त मोकळ्या जागा आणि टिपणं काढते. दुसरी, सिंपल, फंक्शनच्या आतल्या स्थानिक नावांना हात लावते. तिसरी, ॲडव्हान्स्ड, प्रॉपर्टींची, म्हणजे वस्तूंवरच्या किमती आणि फंक्शनं यांची, नावंही आखूड करून बदलते आणि कुठूनच न वापरलेला कोड उडवून टाकते.

या तिसऱ्या पातळीमागे एक ठाम गृहीतक आहे: जगातला सगळा कोड माझ्यासमोर आहे, आणि जो नाही त्याची नावं मला आधीच सांगितली आहेत. ती नावं सांगायची जागा म्हणजे एक्स्टर्न फाइल. तिच्यात अंमलबजावणी नसते. रिकाम्या अंगाची फंक्शनं, प्रॉपर्टींची नावं, कोणत्या प्रकारची किंमत जाते-येते याची टिपणं, एवढंच असतं. ब्राउझरच्या स्वतःच्या नावांची एक्स्टर्न यादी कंपायलरबरोबरच येते. लीफलेटची येत नाही.

ॲडव्हान्स्डवर जायचं कारण रास्त होतं. फर्मकडे जुनी, भलीमोठी अंतर्गत लायब्ररी होती आणि या ॲपला तिचा थोडाच भाग लागत होता. दिंडोरीच्या आतल्या गावांत प्लॉटवर रेंज जेमतेम असते. न वापरलेला कोड गेला तर पान लवकर उघडेल हा हिशेब चुकीचा नव्हता.

अडचण

जानेवारीत, काढणी सुरू होत असताना, ॲडव्हान्स्ड बिल्ड चढवली गेली. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत होतं, कारण तिथे कोड कंपाइल न करताच चालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाडीच्या बाजूच्या एका सुपरवायझरचा फर्मला फोन आला. "मॅडम, नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन आहे. अधिक-उण्याची बटणं दिसतात, पण जमीनच नाही."

त्याने सांगितलेलं वर्णन अत्यंत अचूक होतं. नकाशा अजिबात आला नसता तर कोणीही म्हटलं असतं की लीफलेटची स्क्रिप्टच पोहोचली नाही. इथे बटणं आली होती, म्हणजे लीफलेट पोहोचली होती, नकाशाची वस्तू तयार झाली होती, आणि त्यानंतरच्या पायरीवर काहीतरी तुटलं होतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दिसतात त्या खिडकीत, 'इज नॉट अ फंक्शन' (हे फंक्शन नाही) अशी तक्रार होती, आणि ज्या फंक्शनबद्दल ती होती त्याचं नाव कंपायलरने घडवलेलं दोन अक्षरी होतं.

टीम लीडरने पहिला निर्णय त्याच सकाळी घेतला आणि तो उत्तम होता: बिल्ड सिंपलवर परत न्यायची, शोध नंतर. सिंपल पातळी प्रॉपर्टींना हात लावत नसल्यामुळे नकाशा लगेच उभा राहिला. काढणीच्या दिवसांत सुपरवायझरला प्लॉटवर तिष्ठत ठेवून कंपायलरचा अभ्यास करणं योग्य झालं नसतं.

कारणाचा शोध

क्लोजर कंपायलरला डीबग फ्लॅग दिला की तो नावं आखूड न करता मूळ नावाच्या दोन्ही बाजूंना डॉलरचं चिन्ह लावतो. बदललेलं काय आणि तसंच राहिलेलं काय, हे मग उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्या बिल्डमध्ये तुटलेलं नाव सापडलं: 'सेटव्ह्यू', दोन्हीकडे डॉलर. नकाशा कुठे आणि किती जवळून दाखवायचा हे ठरवणारी ही मेथड, म्हणजे वस्तूवरचं फंक्शन. कंपायलरने तिचं नाव बदललं. लीफलेटला ते नवं नाव माहीतच नव्हतं.

मग त्याआधीची 'मॅप' मेथड का चालली? तीही लीफलेटचीच. कारण 'मॅप' हे नाव ब्राउझरच्या यादीत आधीच आहे. जावास्क्रिप्टच्या प्रत्येक ॲरेला त्या नावाची मेथड असते. एक्स्टर्नमध्ये आलेलं नाव कंपायलर सहसा कुठेही बदलत नाही, मग ते कोणत्याही वस्तूवर असो. लीफलेटची 'मॅप' या योगायोगाने वाचली आणि करडा चौकोन बटणांसकट उभा राहिला. असा अर्धवट यशस्वी नकाशा माणसाला भलत्या दिशेला नेतो. टीममधले दोघे बराच वेळ टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, पाठवणारा सर्व्हर आणि नेटवर्क तपासत होते, ते याच कारणाने.

खरा प्रश्न पुढचा होता: कंपायलरने आधी सांगितलं कसं नाही? त्याने सांगितलं होतं. पहिल्यांदा ॲडव्हान्स्ड चालवली तेव्हा 'एल हे नाव जाहीर केलेलं नाही' अशी तक्रार आली होती. त्यावर कनिष्ठ प्रोग्रामरने एक्स्टर्न फाइल बनवली आणि तिच्यात एकच ओळ लिहिली: 'एल' नावाचा व्हेरिएबल आहे, प्रकार अज्ञात. तक्रार थांबली. बिल्ड हिरवी झाली.

हे म्हणजे दारावरच्या पाटीवर आडनाव लिहिलं आणि घरात राहणाऱ्या माणसांची नावं कुठेच नोंदवली नाहीत. 'एल' वाचला, त्यावरच्या एकाही प्रॉपर्टीला संरक्षण मिळालं नाही. शिवाय प्रकार 'अज्ञात' म्हटल्यामुळे कंपायलरने त्याच्या आत डोकावणंच सोडलं. तो अज्ञात वस्तूवरच्या प्रॉपर्टीबद्दल शंका घेत नाही. तक्रार कशामुळे आली हे न पाहता ती कशाने गप्प होईल एवढंच पाहिलं, तर एक्स्टर्न फाइल नसण्यापेक्षा अपुरी एक्स्टर्न फाइल जास्त घातक ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे. फाइल नसताना निदान बिल्डमध्ये आवाज तरी होत होता.

कोणते पर्याय तोलले

कायमचं सिंपलवर राहणं हा सर्वांत स्वस्त पर्याय. त्याच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा होता: नकाशाच्या टाइल चित्रं असतात, आणि पडदा भरायला डझनभर टाइल लागतात, तेव्हा स्क्रिप्टमधली बचत कितीशी उरते? पण टाइल एकदा आल्या की ब्राउझर त्या साठवतो आणि त्या थोड्या उशिरा आल्या तरी फॉर्म भरता येतो. स्क्रिप्ट मात्र येईपर्यंत पान मुकं असतं. अंतर्गत लायब्ररीचा मोठा भाग ॲडव्हान्स्डमध्ये गळून जात होता. म्हणून हा पर्याय तात्पुरताच ठेवला.

लीफलेटचा मूळ कोडच आपल्या कोडबरोबर ॲडव्हान्स्डमधून काढावा, म्हणजे दोन्हीकडची नावं सारखीच बदलतील, अशी एक सूचना आली. कल्पना तर्काला धरून आहे, पण लीफलेट त्या शिस्तीने लिहिलेली नाही. तिच्यात मेथडचं नाव स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणातला मजकूर म्हणून, दिलं जातं: नकाशा तयार होताना 'ॲडहँडलर' ही मेथड स्ट्रिंगच्या नावाने बोलावली जाते, आणि चाकाने झूम करायचं की नाही हे ऑप्शन्समध्ये, म्हणजे लायब्ररीला दिलेल्या सेटिंगमध्ये, स्ट्रिंगच्या किल्लीने (सेटिंगच्या नावाने) शोधलं जातं. कंपायलर स्ट्रिंगच्या आतला मजकूर बदलत नाही. म्हणजे मेथड एका नावाची, हाक दुसऱ्या नावाची. हा पर्याय लगेच सोडला, आणि सोडला ते बरंच झालं.

लीफलेटची मूळ फाइलच एक्स्टर्न म्हणून देऊन पाहिली. नकाशा चालला! पण फाइलमधलं प्रत्येक नाव, लीफलेटच्या पोटातली खासगी नावंसुद्धा, अस्पर्श्य झाली. त्यांच्याशी जुळणारी स्वतःच्या कोडमधली नावंही बदलायची थांबली. वर इशाऱ्यांचा इतका पूर आला की खरा इशारा त्यात बुडावा. एक्स्टर्न ही घोषणा असते. तिच्या जागी अंमलबजावणी दिली की तिचा उपयोगच संपतो.

तयार मिळालेली एक जुनी एक्स्टर्न फाइलही तपासली. ती लीफलेटच्या ०.७ काळातली होती. तिच्यात 'जिओजेसन'चं, म्हणजे हद्दींसारखी माहिती नकाशावर थर म्हणून काढणाऱ्या फंक्शनचं, जुनं स्पेलिंग होतं, शेवटची तीन अक्षरं छोट्या लिपीतली. १.० आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हापासून ती कॅपिटल झाली. जुनं नावही चालतं, पण फर्मचा कोड नवं वापरत होता. कंपायलरच्या लेखी ती दोन वेगळी नावं.

उरला मार्ग स्वतःची, नेमकी, वापराइतकीच एक्स्टर्न फाइल लिहिण्याचा. तोच निवडला.

काय केलं

आधी लीफलेटशी बोलणारा सगळा कोड एका फाइलमध्ये आणला. तो तोवर चार ठिकाणी पसरलेला होता. हे काम कंटाळवाणं होतं, पण त्यानंतर 'आपण लीफलेटचं नेमकं काय वापरतो?' या प्रश्नाचं उत्तर एका फाइलमध्ये वाचता येऊ लागलं आणि यादी अपेक्षेपेक्षा खूपच छोटी निघाली. मग 'एल' हा नेमस्पेस (नावांचा गट), त्याखाली नकाशा, थर, पॉपअप यांचे प्रकार आणि वापरलेल्या मेथड, असं सगळं टिपणांसह लिहिलं. प्रकार ज्ञात झाल्यावर कंपायलरला 'ही प्रॉपर्टी जाहीर केलेली नाही' असं म्हणता येऊ लागलं, आणि ती सूचना स्क्रिप्टमध्ये इशाऱ्याऐवजी बिल्ड थांबवणारी चूक म्हणून नोंदवली. एक्स्टर्न फाइलच्या डोक्यावर लीफलेटची आवृत्ती लिहिली, आणि पानावरची आवृत्तीही १.९.४ वर खिळवली.

नकाशा आला. टाइल आल्या. प्लॉटच्या हद्दी वाणानुसार रंगांत उमटल्या. ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटलं, झालं. चाचणीसाठी त्याच सुपरवायझरला लिंक पाठवली. त्याचं उत्तर: "नकाशा एकदम भारी आला मॅडम. पण प्लॉटवर बोट ठेवलं तर काहीच उघडत नाही."

कन्सोल स्वच्छ होता. चुकीची एक ओळही नाही.

कारण ऑप्शन्समध्ये होतं. प्लॉटच्या हद्दी जिओजेसनच्या थरात काढताना एक वस्तू सोबत दिली होती, तिच्यात दोन किल्ल्या: 'स्टाइल', रंग ठरवणारी, आणि 'ऑनईचफीचर', प्रत्येक प्लॉटला पॉपअप जोडणारी. 'स्टाइल' हे नाव ब्राउझरच्या यादीत असल्यामुळे वाचलं आणि रंग दिसले. 'ऑनईचफीचर' कोणत्याच यादीत नव्हतं, त्यामुळे बदललं. लीफलेटने तिच्या ओळखीची किल्ली शोधली, ती सापडली नाही, आणि ती ऐच्छिक असल्यामुळे लीफलेट गप्प राहिली. मेथडचं नाव बदललं तर कार्यक्रम ओरडतो. ऑप्शनचं नाव बदललं तर तो शांतपणे कमी काम करतो.

कंपायलरही इथे मदतीला आला नाही. ऑप्शन्सचा रेकॉर्ड प्रकार जाहीर केला तरी दिलेल्या वस्तूत त्याहून जास्तीची किल्ली असेल, तर तो तक्रार करत नाही. म्हणून ऑप्शन्सची नावं हाताने, लीफलेटच्या दस्तऐवजाशी ताडून, एक्स्टर्नमध्ये घातली गेली.

तिसरी गळती

या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या भागाची, कारण इथे लायब्ररीचा संबंध नव्हता.

सर्व्हरकडून येणारा जेसनही, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेली माहितीही, कंपायलरच्या दृष्टीने बाहेरचाच असतो. त्यातल्या किल्ल्यांची नावं सर्व्हर ठरवतो. आपल्या कोडमध्ये त्या टिंबाने वाचल्या की ॲडव्हान्स्ड त्यांचीही नावं बदलतं. टीमला हे माहीत होतं. पॉपअपमधल्या काही ठिकाणी त्यांनी किल्ल्या चौकटी कंसात, अवतरणात लिहिल्या होत्या, तर फॉर्मच्या कोडमध्ये त्याच किल्ल्या टिंबाने होत्या. एकाच प्रॉपर्टीला दोन पद्धतींनी हाक मारली की ॲडव्हान्स्डमध्ये त्या दोन वेगळ्या प्रॉपर्टी होतात. मग ठरलं की अवतरणं काढायची आणि सर्व्हरच्या नोंदींसाठी दुसरी एक्स्टर्न फाइल करायची. कनिष्ठ प्रोग्रामरने पॉपअप समोर ठेवून, त्यात जे दिसतं त्याची यादी केली आणि फाइल लिहिली.

पीएचआयचे दिवस पॉपअपमध्ये दिसत नव्हते. ते फक्त फॉर्ममधून सर्व्हरकडे जात. म्हणून ते यादीत आले नाहीत; पाठवताना त्या किल्लीचं नाव बदललं. सर्व्हरने अनोळखी किल्ली दुर्लक्षिली, ओळखीची किल्ली ऐच्छिक होती म्हणून रिकामी ठेवली, आणि 'नोंद जतन झाली' असं उत्तर दिलं. सुपरवायझरला हिरवी टिक दिसली.

हे पकडलं पॅकहाऊसच्या कागदपत्रं पाहणाऱ्या ताईंनी. काढणीची तारीख ठरवण्याआधी त्या पीएचआयचा रकाना हाताने तपासतात आणि अलीकडच्या नोंदींत तो कोरा होता. सुपरवायझर फवारणीची वही अजून लिहीत होते, त्यामुळे सगळ्या नोंदी वहीवरून भरून काढता आल्या आणि एकाही प्लॉटची काढणी चुकीच्या दिवशी झाली नाही. वही बंद करायचा प्रस्ताव तेव्हा चर्चेत होता. पॅकहाऊसने तो पुढच्या हंगामापर्यंत बाजूला ठेवला.

यावर दोन उपाय झाले. सर्व्हरने अनोळखी किल्ली आली तर नोंद नाकारायची. आणि नोंदींची एक्स्टर्न फाइल कोणीही हाताने लिहायची नाही. सर्व्हर ज्या स्कीमावरून, म्हणजे नोंदीच्या ठरलेल्या आराखड्यावरून, तपासणी करतो, तिच्यावरूनच बिल्डच्या वेळी ती आपोआप तयार करायची.

निकाल

ॲडव्हान्स्ड बिल्ड हंगाम चालू असतानाच पुन्हा चढली, पण आधी दोनच सुपरवायझरांना देऊन. तिच्यात एक नवी तपासणी आहे. क्लोजर कंपायलर मागितल्यावर प्रॉपर्टींच्या नामबदलाचा अहवाल देतो, कोणतं नाव कशात बदललं याची साधी यादी. आपण वापरत असलेली लीफलेटची नावं, ऑप्शन्ससकट, आणि स्कीमातल्या किल्ल्या यांपैकी एकही त्या यादीत दिसली तर बिल्ड थांबते. ऑप्शन्सच्या बाबतीत कंपायलर जे पाहत नाही ते या अहवालात दिसतं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा भाग वाटतो, आणि तो लिहायला फार वेळही लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी कंपाइल केलेल्या फाइलवरच व्हायला हवी होती. जो कोड सुपरवायझरच्या मोबाइलवर जातो तोच कोणी उघडून प्लॉटवर बोट ठेवलं असतं, तर पहिल्या दोन्ही चुका ऑफिसातच सापडल्या असत्या.

बिल्डची पातळी बदलण्याची वेळही चुकली. एप्रिलमध्ये, काढणीनंतरच्या खरड छाटणीच्या सुमाराला, नोंदींचा ताण कमी असतो. तेव्हा हे केलं असतं तर घाई नसती. टीम लीडरचं म्हणणं होतं की पान हळू उघडतं ही तक्रार हंगामातच येते आणि हंगामातच सोडवावी लागते. त्यात तथ्य आहे. पण मग दोन सुपरवायझरांपासून सुरुवात करण्याची जी रीत नंतर आली, ती पहिल्या दिवशी हवी होती.

कनिष्ठ प्रोग्रामरवर मी फारसं बोट ठेवणार नाही. 'एल जाहीर नाही' या तक्रारीला 'एल जाहीर केला' हे तिचं उत्तर शब्दशः बरोबर होतं. ती एक ओळ तपासणीला आली तेव्हा 'त्यावरच्या प्रॉपर्टी कुठे आहेत?' हे विचारायला कोणी वरिष्ठ हवा होता. आता एक्स्टर्न फाइलमध्ये अज्ञात प्रकार लिहायचा असेल तर शेजारी कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्याने ते मान्य करावं लागतं.

लीफलेटच्या २.० च्या चाचणी आवृत्तीत मूळ पॅकेजमधून जागतिक 'एल' आणि 'एल'खालची फॅक्टरी फंक्शनं काढून टाकली आहेत. त्या जागी मॉड्यूलमधून आयात केलेले कन्स्ट्रक्टर येतात. तिकडे जायचं ठरलं की आजची एक्स्टर्न फाइल जवळजवळ पूर्ण बदलावी लागेल. फर्मने तो निर्णय पुढच्या खरड छाटणीनंतर घ्यायचं ठरवलं आहे, आणि तोपर्यंत १.९.४ वरच राहायचं.